कल्याणचे दफ्तर

बीदर जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, हैदराबाद-सोलापूर हमरस्ता सस्तापूर बंगल्यापाशी सोडून थोडे आत गेले म्हणजे जे गाव लागते, त्याची नोंद आज सरकारी कागदांत बसवकल्याण अशी आहे, निजामी अमदानीतील कागदांत ते कल्याणी या नावाने येते, आणि आसपासच्या खेड्यांतील मराठी व कानडी रयत त्यास नुसते कल्याण म्हणते. 2011 च्या जनगणनेत येथील वस्ती सुमारे 70,000 भरली. एक भुईकोट किल्ला, त्रिपुरांताचा तलाव, काही मठ आणि दर्गे, तहसील कचेरी, नगरपालिका आणि दाटीवाटीची पेठ, एवढे पाहून परतणाऱ्या प्रवाशास हा दख्खनच्या पठारावरील शेकडो कसब्यांपैकी एक कसबा वाटावा, यात त्याचा दोष नाही. परंतु अकराव्या शतकाच्या मध्यापासून बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे, नर्मदेपासून तुंगभद्रेपलीकडे पसरलेल्या चालुक्य राज्याचे सिंहासन याच ठिकाणी होते. आणि त्या काळात येथे जे लिहिले गेले, जे बोलले गेले, त्याचा परिणाम मराठी माणसाच्या घरातील वाटणीपत्रापर्यंत आणि जात्यावरील ओवीपर्यंत येऊन पोचलेला आहे.

अशा गावाचा इतिहास गावातच सापडावा अशी अपेक्षा असते. कल्याणची गोष्ट याच्या उलट आहे. या गावाचे दफ्तर गावात नाही. ते जैसलमेरच्या भांडारात, तंजावरच्या राजवाड्यात, हैदराबादच्या अभिलेखागारात आणि देशभरच्या न्यायालयांच्या निवाड्यांत विखुरलेले आहे, आणि कल्याणचा इतिहास सांगावयाचा म्हणजे या साऱ्या ठिकाणांहून त्याची पाने गोळा करावी लागतात.

ठिकाणाची निवड कोणत्या कारणाने झाली हे नकाशावरून बरेचसे उमगते. या तालुक्याचे काही पाणी मांजरेकडे, म्हणजे अखेर गोदावरीकडे उतरते, आणि येथेच उगम पावणारी मुल्लामारी दक्षिणेकडे भीमेच्या, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. दोन महानद्यांच्या मधल्या या उंचवट्यावरून दोन्ही खोऱ्यांतील सुपीक काळ्या मुलखावर नजर ठेवता येते. चालुक्यांची आधीची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी (गुलबर्गा) जिल्ह्यातील मळखेड, चोळांच्या स्वाऱ्यांच्या वाटेवर पडत होती. पहिल्या सोमेश्वराने, ज्यास आहवमल्ल म्हणत, आपले ठाणे उत्तरेस कल्याणला आणले. तथापि उत्तरेस सरकल्याने संकट टळले नाही. चोळ राजा राजाधिराज याने कल्याणवर चाल करून नगर जाळले, तेथे वीराभिषेक करवून घेऊन विजयराजेंद्र हे बिरुद धारण केले, आणि नगराच्या दारावरील एक भव्य द्वारपाल विजयाची खूण म्हणून शेकडो कोस दक्षिणेस नेला. कल्याणपूर जाळून ही मूर्ती आणली, असा तमिळ लेख त्या मूर्तीवरच कोरलेला आहे. पुढे 1054 मध्ये कोप्पमच्या रणांगणावर हाच राजाधिराज हत्तीवर बसलेला असताना मारला गेला, परंतु मूर्ती परत आली नाही. ती दीर्घकाळ कुंभकोणमजवळच्या दारासुरम येथील मंदिरात होती, आणि आता तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात आहे. ज्या राजवाड्यात व्यंकोजी भोसल्यांचे वंशज नांदले, तेथेच आज कल्याणचा हा पहारेकरी उभा आहे. तंजावरला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूने सरस्वती महालातील पोथ्यांबरोबर त्याचेही दर्शन अवश्य घ्यावे.

सोमेश्वराने असाध्य व्याधीमुळे 1068 मध्ये कुरुवत्ती येथे तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. त्याचा पुत्र सहावा विक्रमादित्य 1076 मध्ये गादीवर आला आणि त्याने पन्नास वर्षे राज्य केले. शालिवाहन शक बाजूस सारून त्याने स्वतःचा चालुक्य-विक्रम शक सुरू केला, आणि त्या कालगणनेचे शेकडो शिलालेख या प्रदेशात आजही वाचावयास मिळतात. त्याच्या काळचे मंदिरशिल्प पाहावयाचे तर हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवी आणि कल्याणजवळचे नारायणपूर येथे जावे. जलसंगवीच्या भिंतीवर एक सुंदरी हातात लेखणी घेऊन राजाच्या स्तुतीचा श्लोक लिहिताना कोरलेली आहे. खुद्द कल्याणात मात्र त्याच्या राजवाड्याचा मागमूस उरलेला नाही.

या राजाच्या कीर्तीने काश्मिरातील खोनमुख गावचा कवी बिल्हण, मथुरा, कनोज, प्रयाग, काशी, गुजरात अशी मजल-दरमजल करीत, कल्याणच्या दरबारी येऊन पोचला. येथे त्यास विद्यापती ही पदवी मिळाली आणि येथेच त्याने 'विक्रमाङ्कदेवचरित' रचले. हे काव्य पुढे लोकांच्या स्मरणातून जवळजवळ नाहीसे झाले होते. 1874 मध्ये जॉर्ज ब्यूलर हा जर्मन पंडित हस्तलिखितांच्या शोधार्थ राजपुतान्याच्या वाळवंटात गेला असता, जैसलमेरच्या जैन भांडारात त्यास त्याची ताडपत्रावरील प्रत सापडली, आणि दुसऱ्याच वर्षी मुंबईत ती छापून प्रसिद्ध झाली. एका दख्खनी राजाचे चरित्र एका काश्मिरी ब्राह्मणाने लिहावे, राजस्थानातील जैन साधूंनी ते जतन करावे आणि जर्मन संशोधकाने ते उजेडात आणावे, यात विद्येच्या व्यवहाराची जी उदारता दिसते ती मला फार मोलाची वाटते.

परंतु कल्याणने जगाला दिलेला सर्वांत टिकाऊ ग्रंथ काव्य नव्हे, तर कायदा आहे. याच विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वर नावाच्या यतीने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मर्तूर हे त्याचे गाव, अशी या भागातील समजूत आहे. ग्रंथाच्या शेवटी त्याने कल्याणसारखे नगर पृथ्वीवर पूर्वी नव्हते, आज नाही आणि पुढेही होणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले आहेत. ते वाचताना नगराविषयीचा त्याचा अभिमान आजही उमटून येतो. मिताक्षरेचा मुख्य सिद्धान्त असा की वडिलार्जित मालमत्तेत पुत्राचा हक्क बापाच्या मृत्यूनंतर उत्पन्न होत नाही, तो जन्मतःच उत्पन्न होतो. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या 'दायभागा'ने याच्या उलट मत स्वीकारले. तेथे बाप जिवंत असेतो मुलाचा हक्क नाही. बंगाल-आसाम वगळता जवळजवळ सर्व हिंदुस्थान मिताक्षरेखाली आला. कोलब्रुक या इंग्रज पंडिताने 1810 मध्ये कलकत्त्यास तिच्या दायविभागाचे भाषांतर छापले, आणि तेव्हापासून कंपनीच्या अदालतींपासून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत विज्ञानेश्वराच्या वाक्यांचा कीस पाडला गेला.

मराठी शेतकऱ्याच्या घरी भावाभावांत वाटणीची बोलणी निघाली, वडिलार्जित किती आणि स्वकष्टार्जित किती याचा वाद तालुक्याच्या वकिलापुढे गेला, म्हणजे तो शेतकरी आपल्या नकळत कल्याणात बसून लिहिलेल्या त्या टीकेच्या परिभाषेतच बोलत असतो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेही एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध हक्काची ही चौकट मोडली नाही. 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांप्रमाणे जन्मतःच सहदायाद मानले, तेव्हा विज्ञानेश्वराने पुत्रास दिलेला हक्क नऊशे वर्षांनी कन्येपर्यंत पोचला. माझ्या मते कल्याणच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना होय, आणि तिचे एकही स्मारक तेथे असण्याची गरज नाही, कारण ती प्रत्येक सातबाऱ्याच्या मागे उभी आहे.

विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर स्वतः ग्रंथकार होता. 1129 च्या सुमाराचा त्याचा 'मानसोल्लास' म्हणजे राजनीतीपासून रत्नपरीक्षेपर्यंत, गजशास्त्रापासून पाकशास्त्रापर्यंत सर्व विषयांचा कोश. आजच्या इडलीची व डोशाची पूर्वज इड्डरिका आणि धोसक, तसेच मांडे, यांची वर्णने त्यात आहेत. मराठी वाचकास याहून मोलाची गोष्ट ही, की महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा स्पष्ट उल्लेख या राजाने केला आहे. ओवीचा इतका जुना लेखी पुरावा दुसरा नाही. ज्ञानेश्वरांनी ओवीला तत्त्वज्ञानाचे वाहन केले त्याच्या दीडशे वर्षे अगोदर, कल्याणच्या राजाने मुसळाच्या ठेक्यावर गाणाऱ्या बायकांचे गाणे ऐकून त्याची नोंद आपल्या ग्रंथात केली, आणि ज्या भागात आज कानडी-मराठीच्या हद्दीवरून वाद चालतो तेथेच ही नोंद झाली, हे विसरू नये.

सोमेश्वराच्या मागे राज्य ढिले पडले, आणि चालुक्यांचाच मांडलिक कलचुरी बिज्जल, जो सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून आला होता, कल्याणच्या गादीवर बसला. त्याचा भांडारी बसवण्णा. इतिहासकार आणि परंपरा यांच्यात तपशिलाचे मतभेद असले तरी एवढे निश्चित की बाराव्या शतकाच्या मध्यास या नगरात एक अपूर्व मंडळी जमली होती. शून्यसिंहासनावरचा अल्लमप्रभू, राजवैभव टाकून आलेली अक्कमहादेवी, परीट माचय्या, नावाडी चौडय्या, दोरखंड वळणारा चंदय्या, चांभार हरळय्या, ढोर कक्कय्या: यांनी अनुभवमंटप या सभेत एकत्र बसून, संस्कृत सोडून, बोलीभाषेतील वचनांतून ईश्वराचा आणि श्रमाचा विचार मांडला. हातचे काम हीच पूजा, आणि काम करणाऱ्यात उच्चनीच नाही, हा त्यांचा निर्णय होता, आणि त्यांनी तो आचरणात आणून दाखविला. परंपरा सांगते की हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह लागला, तेव्हा राजाने दोन्ही बापांस देहान्ताची शिक्षा दिली. त्यावर नगरात दंगल उसळली, बिज्जलाचा वध झाला, आणि शरण, म्हणजे या मंडळीतील भक्त, मिळेल त्या वाटेने वचनांची हस्तलिखिते उराशी धरून पांगले. बसवण्णा कूडलसंगमास, चन्नबसवण्णा उळवीस गेले. हे सारे 1167 च्या सुमारास घडले.

त्याच 1167 साली उत्तर इटलीत, आल्प्सच्या दऱ्यांखालच्या सपाटीत, मिलान आणि आसपासच्या नगरांनी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाविरुद्ध आपला संघ बांधला. 1176 मध्ये लेन्यानो येथे त्यांनी सम्राटाचा पराभव केला, आणि 1183 च्या तहाने आपल्या नगरांचा कारभार आपण करण्याचा हक्क लिहून घेतला. तेथे पंचायतीचा हक्क टिकला आणि तिचे कागद नगराच्या पेटीत राहिले. कल्याणात जी सभा भरली होती तिचा विषय सत्तेचा नव्हता, माणसाच्या प्रतिष्ठेचा होता, आणि ती मोडल्यावर तिचे कागद गावोगाव गेले. म्हणून तिची वचने पुढे कर्नाटकभर मिळाली, आणि मराठीतही तिचा वारसा आला: बीड जिल्ह्यातील कपिलधारच्या मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' लिहून वीरशैव विचार मराठीत आणला, आणि लातूर, नांदेड, सोलापूरच्या लिंगायत घरांत त्याचे पारायण आजही चालते.

पुढचा काळ झपाट्याने सांगता येतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीच्या भिल्लम यादवाने कल्याण घेतले, आणि राजधानी म्हणून त्याचे दिवस संपले. यादव गेले, दिल्लीचा अंमल आला. त्या अंमलातील एक शिलालेख मात्र सावकाश वाचण्याजोगा आहे. शके 1248, म्हणजे इसवी सन 1326 चा हा संस्कृत लेख कल्याणातच सापडला. त्यात असे सांगितले आहे की दंग्यात येथील शिवमंदिराची हानी होऊन पूजा बंद पडली होती, तेव्हा महंमद तुघलकाच्या सुभ्यातील मुसलमान अंमलदाराने मंदिराची दुरुस्ती आणि पूजा पुन्हा सुरू करण्यास परवानगी दिली. दोन्ही बाजूंच्या आवेशाने इतिहास वाचणाऱ्यांनी हा लेख नजरेआड करू नये. रयतेची देवपूजा सुरळीत चालणे ही राज्यकारभाराची गरज आहे, हे त्या अंमलदारास कळत होते.

बहमनी काळात बीदरची भरभराट झाली आणि कल्याणचा किल्ला तिच्या पश्चिमेचा पहारा झाला. तटाच्या चिऱ्यांत जुन्या देवळांचे दगड आजही ओळखू येतात. बहमनी राज्य फुटल्यावर सोलापूर आणि कल्याणी या दोन किल्ल्यांवरून अहमदनगर, विजापूर, बीदर आणि विजयनगर यांच्यात इतके तह आणि इतक्या लढाया झाल्या की त्यांचा हिशेब ठेवणे कठीण. 1657 मध्ये शहाजादा औरंगजेबाने मार्चअखेर बीदर जिंकले, मग कल्याणीला वेढा घातला, आणि ऑगस्टच्या आरंभी ते पडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी ठाण्याकडील कल्याण-भिवंडी घेतली. एकाच वर्षात दोन कल्याणांनी धनी बदलला, यामुळे बखरी आणि तवारिखा वाचताना पुष्कळांची फसगत होते.

आसफजाही काळात कल्याणी ही नवाबांची जहागीर झाली. मोठ्या जहागिरीत महसूल, जकात, पोलीस आणि न्याय ही सर्व खाती जहागीरदाराचीच असत; वरच्या दरबारात फारसी आणि नंतर उर्दू चालली, तरी गावपातळीवर देशमुख-देशपांडे आणि कुलकर्ण्यांची लेखणी मोडीत चालत होती. याच जहागिरीत, कल्याणजवळच्या लाडवंती गावी, 1817 मध्ये दत्तजयंतीच्या दिवशी माणिकप्रभूंचा जन्म झाला. त्यांचे मामा नवाबांच्या चाकरीत होते, आणि बालपणी प्रभूंना जकातीच्या चौकीवर बसविले होते असे चरित्रकार सांगतात. 1845 मध्ये त्यांनी हुमनाबादजवळ माणिकनगर वसविले, मराठी, कानडी आणि हिंदी अशा भाषांत पदे केली, सर्व मतांना एकाच सत्याच्या वाटा मानणारा सकलमत संप्रदाय स्थापिला, आणि 1865 मध्ये समाधी घेतली. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांच्या दारी येत. बसवण्णांच्या नगराशेजारी सातशे वर्षांनी असा पुरुष व्हावा, हा योगायोग मानणे मला जड जाते.

त्यानंतरची स्मृती अजून ओली आहे. मे 1948 मध्ये कल्याणच्याच परिसरातील गोरटा गावी रझाकारांनी निरपराध ग्रामस्थांचे हत्याकांड केले. त्या गावची वृद्ध माणसे त्याबद्दल बोलताना मधेच थांबत. सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान विलीन झाले, आणि 1949 मध्ये, फसली 1358 साली, जहागिरी रद्द झाल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले: उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मुंबई राज्यात, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद व कल्याण म्हैसुरात गेले. एकाच जिल्ह्याचे कागद त्यामुळे तीन राज्यांच्या कचेऱ्यांत वाटले गेले. सोयरिकी मात्र वाटल्या गेल्या नाहीत. सीमाभागाचा वाद त्या दिवसापासून चालू आहे, आणि 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. 2019 मध्ये कर्नाटक सरकारने पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटक विभागास कल्याण-कर्नाटक हे नाव दिले. एका तालुक्याच्या गावाचे नाव साऱ्या विभागास लागले. गावात बसवण्णांचा 108 फूट उंच पुतळा उभा राहिला आहे, आणि नव्या अनुभवमंटपाची कोनशिला 2021 मध्ये बसली.

पुतळे व्हावेत, परंतु कागदांचे काय? इटलीत आज सुमारे 7,900 नगरपालिका आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळशा दऱ्याखोऱ्यांतील, हजार-पाचशे वस्तीच्या आहेत. तरी तेथील सामान्य कुटुंबास आपली चारशे वर्षांची वंशावळ काढता येते, कारण 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक गावच्या चर्चमध्ये जन्मविवाहांच्या वह्या ठेवण्याचा नियम केला आणि गावोगावी त्या वह्या सांभाळल्या गेल्या. आपल्याकडे कागद नव्हते असे नाही. आपण ते सांभाळले नाहीत. याच जुन्या बीदर जिल्ह्यातील निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामी मुलकी खात्यात नोकरी करीत असताना फारसी दफ्तरात शिरले, आणि 'मोगल दरबारची बातमीपत्रे' मराठीत आणून त्यांनी एक माणूस काय करू शकतो ते दाखविले.

म्हणून कल्याण, भालकी, हुमनाबाद आणि औराद या तालुक्यांतील वाचकांस माझी विनंती आहे. घरातील जुन्या पेटीत इनामाची सनद, जहागिरीची पावती, मोडीतील खाते किंवा वचनांची पोथी असेल तर ती रद्दीत घालू नका आणि नदीतही सोडू नका. मोडी आणि फारसी वाचणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याकडून ती वाचून घ्या, प्रत्येक पानाचे छायाचित्र काढा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. नगरपालिकेनेही या कामासाठी एक कोरडी, कुलूपबंद खोली आणि एक जाणता कारकून द्यावा. किल्ल्यातील संग्रहालयात जैन मूर्ती आल्या आहेत. तेथेच गावच्या कागदांना जागा मिळणे अवघड नाही.